लाडक्या रेडिओ निवेदकाची आणि त्यांच्या घरच्यांची आठवण कशी जपावी

काका गेले त्या आठवड्यात मी कपाटातून अकरा कॅसेट बाहेर काढल्या. काका म्हणजे नात्यातले नव्हेत. दर रविवारी सकाळी रेडिओवर त्यांचा श्रोत्यांच्या पत्रांचा कार्यक्रम लागायचा आणि असंख्य घरांत ते 'काका' होते, तसे आमच्याही. त्यातले काही भाग मी शाळेत असल्यापासून टेप करून ठेवले होते. मला वाटायचं, त्यांच्या घरी तर सगळंच जपलेलं असणार, माझ्या या खरखरत्या टेपांची कोणाला गरज?

दीड महिन्याने काकूंना पत्र लिहिलं आणि त्यांच्या लेकीचा फोन आला. त्यांच्याकडे एकही ध्वनिमुद्रण नव्हतं. कार्यक्रम थेट जायचा, केंद्रावरच्या टेप पुसून पुन्हा वापरल्या जायच्या, आणि घरच्यांनी टेप करायचं काही कारणच नव्हतं. ज्याचा आवाज तो माणूस दुपारी घरी येणारच होता.

पुढची सहा वर्षं त्यांची लेक आणि मी मिळून हे काम करत आलो. तुमच्या आवडत्या निवेदकासाठी तुम्हालाही काही करावंसं वाटत असेल, तर आमच्या अनुभवातून हाती आलेलं इथे सांगते. एक गोष्ट आधीच सांगते, कारण बाकी सगळं त्यावर उभं आहे. आवाज श्रोत्यांकडे असतो आणि माणूस घरच्यांकडे. दोघं एकत्र बसल्याशिवाय आठवण पुरी होत नाही.

पहिलं पत्र

पहिल्या दोन-चार दिवसांत दोन ओळी पुरेत. सविस्तर पत्र महिन्याभराने पाठवा. पहिल्या आठवड्यात घरात फोन ठेवायला उसंत नसते. नंतर एकाएकी सगळं शांत होतं, आणि त्या शांततेत आलेलं पत्र खरोखर वाचलं जातं.

पत्रात एकच आठवण लिहा, पण नेमकी. 'त्यांचा आवाज अजरामर आहे' हे घरच्यांना शंभर जणांनी सांगितलेलं असतं. मी लिहिलं होतं की वडील आजारी होते त्या वर्षी काकांनी माझं पत्र वाचलं आणि आमच्या गावाचं नाव बिनचूक उच्चारलं. ते नाव बाहेरचं कोणीही पहिल्या फटक्यात बरोबर म्हणत नाही. लेकीने फोनवर पहिल्यांदा हीच गोष्ट काढली. प्रत्येक गावाचा उच्चार काका आधी कोणाला तरी विचारून घ्यायचे आणि कागदावर पेन्सिलीने लिहून ठेवायचे, हे मला तिच्याकडून कळलं.

पाकिटावरचं नाव तपासून घ्या. रेडिओवरचं नाव आणि घरचं नाव एक नसतं असं पुष्कळदा होतं. बीबीसीचे जॉन पील जगाला त्या नावाने माहीत होते, पण त्यांचं खरं आडनाव रेव्हन्सक्रॉफ्ट, आणि घरचे त्याच आडनावाचे. घरच्यांना त्यांच्या स्वतःच्या नावाने हाक मारा. 'अमुक यांच्या पत्नी' एवढंच लिहून थांबू नका.

आणि काही मागू नका. फोटो नको, सहीचा कागद नको, मुलाखत तर नकोच. शेवटच्या आजाराबद्दलही विचारू नका. आपला पत्ता आणि फोन नंबर एकदा खाली लिहायचा आणि उत्तराची वाट न पाहता आपल्या कामाला लागायचं.

कॅसेट

उशीर करू नका, हे मी कळकळीने सांगते. २०१९ मध्ये युनेस्कोच्या पुढाकाराने 'मॅग्नेटिक टेप अलर्ट' नावाचा प्रकल्प सुरू झाला तो याच काळजीपोटी. टेप एक वेळ टिकते, पण ती वाजवणारी यंत्रं, त्यांचे सुटे भाग आणि ती दुरुस्त करणारी माणसं संपत चालली आहेत. फिलिप्सने १९६३ मध्ये आणलेली ही कॅसेट घराघरांत पोचली म्हणूनच केंद्रांनी पुसलेले कितीतरी कार्यक्रम श्रोत्यांच्या कपाटांत उरले. ॲलिस्टर कुक यांच्या बीबीसी रेडिओवरच्या 'लेटर फ्रॉम अमेरिका' या कार्यक्रमाचे १९४६ ते २००४ या काळात २,८६९ भाग झाले. त्यातले बरेचसे बीबीसीकडेही नव्हते. हरवलेल्यांपैकी ६०० हून अधिक भाग परत मिळाले ते श्रोत्यांनी घरी केलेल्या टेपांमधून. तुमच्या कपाटातला डबा उघडायला एवढं कारण पुरे.

सगळ्यात आधी कॅसेटच्या मागच्या कडेवरच्या दोन छोट्या प्लास्टिकच्या खुंट्या मोडा. त्या मोडल्या की रेकॉर्डचं बटण दाबलंच जात नाही आणि चुकून आवाजावर दुसरा आवाज चढण्याची भीती जाते. कोणी तिथे चिकटपट्टी लावली असेल तर ती काढून टाका.

मग उजेडात धरून आतली टेप पाहा. कडांवर पांढरट पूड किंवा धागे दिसले तर ती बुरशी आहे. अशी कॅसेट यंत्रात घालू नका. हेड, म्हणजे टेपवरचा आवाज वाचणारा यंत्राचा भाग, खराब होईल आणि त्याच यंत्रात पुढे लावलेल्या कॅसेटांनाही ती लागेल. ती वेगळ्या पिशवीत ठेवून जाणकाराकडे द्या. बाकीच्या कॅसेट एक दिवस खोलीच्या हवेत राहू द्या, मग प्रत्येक कॅसेट एकदा पूर्ण पुढे आणि पूर्ण मागे फिरवा म्हणजे टेपचा ताण सारखा होतो. १२० मिनिटांच्या कॅसेटला मात्र हे करू नका. तिची टेप फार पातळ असते, ताणली जाते. ती साध्या गतीनेच वाजू द्यावी.

माझी तिसरी कॅसेट लावली तर आवाज येई-जाई, मध्येच दबे. ती गेलीच असं समजून मी रडले होते. प्रत्यक्षात टेपला काहीही झालेलं नव्हतं. टेपच्या मागे एका धातूच्या पट्टीवर फेल्टची इवलीशी गादी असते, ती टेपला हेडवर दाबून धरते. वर्षं गेली की तिचा गोंद सुकतो आणि ती गळून पडते. अशा वेळी स्क्रूने जोडलेली एक चांगली रिकामी कॅसेट घ्यायची, ती उघडून आतली टेप काढायची आणि आपली दोन्ही रिळं अलगद तिच्यात बसवायची. अर्ध्या तासाचं काम आहे. हात स्वच्छ हवेत आणि घाई नको. आधी एखाद्या टाकाऊ कॅसेटवर करून पाहा. तिसऱ्या कॅसेटमध्ये काय होतं ते पुढे सांगते.

टेपरेकॉर्डरचं हेड कापसाच्या काडीला आयसोप्रोपिल अल्कोहोल लावून पुसा, पूर्ण वाळू द्या. आणि आता सगळ्यात महत्त्वाचं, जे बहुतेक जण करत नाहीत. हेडच्या शेजारी एक बारीक स्क्रू असतो, त्याने हेडचा कोन ठरतो. तुम्ही ज्या यंत्रावर टेप भरली त्याचा कोन आणि आजच्या यंत्राचा कोन क्वचितच जुळतो. न जुळल्याने आवाज रजईखालून आल्यासारखा लागतो आणि लोक म्हणतात, टेप जुनी झाली. कॅसेट वाजत असताना तो स्क्रू केसभर इकडे, केसभर तिकडे फिरवा आणि निवेदकाचे 'स' आणि 'श' ऐका. एका जागी ते एकदम लख्ख होतात. काकांचा 'श्रोतेहो'मधला 'श्र' असा उघडा झाला तेव्हा मला शाळेच्या दिवसांतली रविवार सकाळ जशीच्या तशी परत आली. हे प्रत्येक कॅसेटसाठी नव्याने करावं लागतं.

यंत्राच्या लाइन-आउटमधून, म्हणजे आवाज बाहेर देणाऱ्या जोडणीतून, तार लावून संगणकात आवाज घ्या. ऑडॅसिटी हे मोफत सॉफ्टवेअर पुरतं. फाइल 'वेव्ह'मध्ये ठेवा, २४ बिट, जमलं तर ९६ किलोहर्ट्झ, नाहीतर ४८. आवाजाची पातळी सर्वांत मोठ्या ठिकाणीसुद्धा उणे ६ डेसिबलच्या आसपास राहू द्या. ९६ वर स्टीरिओचा एक तास साधारण २ जीबी घेतो, ४८ वर मोनोचा अर्धा जीबी. एमपी३ फक्त ऐकायच्या प्रतीसाठी.

मूळ फाइलमध्ये काहीही कापू नका, काहीही 'साफ' करू नका. खरखर काढायची ती वेगळ्या प्रतीवर, तीही हलक्या हाताने. जास्त झालं की आवाज पाण्याखालून आल्यासारखा होतो आणि वाक्याआधीचा श्वास नाहीसा होतो. तो श्वास त्यांचा आहे. माझ्या पाचव्या कॅसेटच्या वेळी तार नव्हती, म्हणून रेडिओसमोर टेपरेकॉर्डर ठेवून मी भाग भरला होता. त्यात मध्ये आईची हाक आहे, 'आवाज जरा कमी कर गं.' ती हाक आम्ही काढली नाही. काकांचा आवाज कोणत्या घरांत, कसा ऐकला जायचा, ते तिच्यातून कळतं.

शेवटी तीन प्रती करा, दोन वेगळ्या प्रकारच्या साधनांवर, आणि त्यातली एक दुसऱ्या कोणाच्या तरी घरी ठेवा. मूळ कॅसेटही टाकू नका.

तारीख कशी लावायची

माझ्या अकरापैकी फक्त चार कॅसेटांवर तारीख होती. बाकीच्यांची आतल्या आवाजांवरून लावली. कार्यक्रमाआधीच्या बातम्यांचा शेवट, नव्या वस्तूची जाहिरात, 'गेल्या रविवारी आपण ऐकलंत' असं एखादं वाक्य, सणाच्या शुभेच्छा, खेळाचा निकाल, हे सगळं जुन्या वर्तमानपत्रांशी ताडून पाहता येतं. खात्री असेल तिथे तारीख लिहा, अंदाज असेल तिथे 'अंदाजे' असं स्पष्ट लिहा. तुमच्यानंतर ही यादी हाती घेणाऱ्याला हा फरक कळायला हवा. प्रत्येक बाजूसाठी एक कागद ठेवा. कितव्या मिनिटाला काय आहे, कोणत्या गावचं पत्र, कोणतं गाणं, कुठे ते हसले, कुठे खोकले.

घरच्यांच्या हाती देताना

इथे मी एक चूक केली आणि ती मला आजही सलते. पहिल्यांदा त्यांच्याकडे गेले तेव्हा चहा व्हायच्या आत मी आनंदाने फोनवर एक तुकडा लावला. काकू काही न बोलता उठल्या आणि आत गेल्या. ज्या आवाजाने मला रविवार परत मिळाला होता, त्याच आवाजाने त्यांच्या खोलीतली रिकामी खुर्ची आणखी रिकामी केली होती.

म्हणून ध्वनिमुद्रण कधीही स्वतःहून लावू नका. पाकिटात द्या, सोबत ती यादी द्या, आणि सांगा की ऐकायची घाई नाही, कधीच ऐकलं नाही तरी चालेल. शेवटच्या आजारातला थकलेला आवाज असेल तर त्या फाइलवर तसं लिहा आणि ती वेगळी ठेवा. कोणत्या दारातून आत जायचं हे त्यांना ठरवू द्या.

काकूंनी सात महिने काही ऐकलं नाही. मग एका संध्याकाळी त्यांचाच फोन आला. ''ते शेवटी वेळ सांगायचे ना, तेवढंच आहे का गं कुठे?'' होतं. नऊ ठिकाणी होतं. मी फक्त ती नऊ वाक्यं वेगळी काढून पाठवली. कार्यक्रम संपला की काका घरी फोन करायचे, आणि ती वेळ रेडिओवर ऐकली की काकू हातातलं काम ठेवून फोनपाशी येऊन बसायच्या. आम्हा श्रोत्यांसाठी कार्यक्रम तिथे संपायचा.

प्रत द्यायची ती आधी घरच्यांना, बाकी सगळ्यांना नंतर. त्यांच्याआधी समूहांवर टाकून मोकळं होऊ नका.

घरच्यांच्याही आठवणी टिपा

निवेदकाबद्दल लिहिताना लोक आवाजाचं वर्णन करतात आणि थांबतात. तो आवाज कुठून आला, हे घरातूनच कळतं. अमीन सयानी यांचं उदाहरण घ्या. १९५२ मध्ये रेडिओ सिलोनवर सुरू झालेल्या बिनाका गीतमालेमुळे ते घरोघरी पोचले आणि २० फेब्रुवारी २०२४ ला गेले. त्यांची ती सोपी, कोणालाही आपली वाटणारी भाषा आठवताना त्यांच्या आई कुलसुम सयानी आठवायला हव्यात. त्या प्रौढ साक्षरतेचं काम करायच्या, नवसाक्षरांसाठी 'रहबर' नावाचं पाक्षिक चालवायच्या, आणि अमीनभाई तरुणपणी त्या कामात हाताशी असायचे. रेडिओकडे त्यांना नेलं थोरले भाऊ हमीद सयानी यांनी, जे स्वतः नावाजलेले निवेदक होते. आई आणि भाऊ वगळून सांगितलेली अमीनभाईंची गोष्ट मला तरी अपुरी वाटते. जॉन पील गेले तेव्हा त्यांचं आत्मचरित्र अर्धवट होतं. ते पूर्ण केलं त्यांच्या पत्नीने.

तुम्हीही विचारा, पण ओळख मुरल्यावर, आणि त्यांना बोलावंसं वाटेल तेव्हाच. साधा फोन पुरतो. बोलणाऱ्यापासून हातभर अंतरावर, घडी केलेल्या टॉवेलवर ठेवा म्हणजे टेबलाचे ठोके येत नाहीत. पंखा बंद. सुरुवातीला अर्धा मिनिट कोणी काही न बोलता खोलीची शांतता भरून घ्या, पुढे संपादनाला ती लागते. एका बैठकीला तासाभरापेक्षा जास्त नको. आणि उठायच्या आधी विचारा, यातलं काही काढून टाकायचं आहे का. नंतर कधीही त्यांनी 'नको' म्हटलं तर ते काढायचं, वाद घालायचा नाही.

'ते कसे होते?' असं विचारलं तर 'खूप चांगले होते' असं उत्तर येतं. छोटं विचारा. कार्यक्रमाच्या आदल्या रात्री काय खायचे टाळायचे? घरात सराव मोठ्याने करायचे का? तेव्हा मुलं कुठे जायची? सर्दी झाली की काय व्हायचं? चपला कुठे काढायचे? लेकीने सांगितलं की शनिवारी रात्री घरातलं दार कोणीही आपटायचं नाही, आणि ती लहानपणी तोंडावर हात ठेवून हसायला शिकली. रविवारची कुठलीही सहल या घराने कधी केली नाही. आमच्या रविवारच्या मागे यांचे रविवार गेले होते, हे मला तोवर कधी सुचलं नव्हतं.

आणि मग तिसरी कॅसेट. तिच्या दुसऱ्या बाजूला काका म्हणतात, ''हे पुढचं पत्र आमच्या निवड समितीच्या अध्यक्षांच्या खास आग्रहाखातर.'' हे ते नेहमी म्हणायचे आणि आम्ही श्रोते ते केंद्रावरच्या कोणा साहेबांबद्दल समजायचो. मी काकूंना सहज विचारलं, कोण होते हे अध्यक्ष? काकू लाजल्या. आठवड्याला पोतंभर पत्रं घरी यायची. ती उघडायची, वाचायची, तीन गठ्ठे करायचे, हे काम तेवीस वर्षं काकूंनी केलं होतं. माझ्या वडिलांच्या आजारपणाचं पत्र वरच्या गठ्ठ्यात ठेवलं ते त्यांनीच. मी इतकी वर्षं ज्यांना मनोमन धन्यवाद देत होते, ते अर्धे समोर बसलेल्या बाईंचे होते.

घरच्यांबरोबर कार्यक्रमाचे तंत्रज्ञ आणि सहनिवेदक यांनाही गाठा. काचेपलीकडे बसलेल्या माणसाला जे दिसतं, ते ना श्रोत्याला कळतं ना घरच्यांना.

एकत्र ऐकणं

दिवस निवडताना मृत्यूची तारीखच हवी असं नाही. जॉन पील गेले २५ ऑक्टोबर २००४ ला, पण पहिला 'जॉन पील दिवस' १३ ऑक्टोबर २००५ ला झाला, त्यांच्या शेवटच्या कार्यक्रमाला वर्ष होत आलं तेव्हा. १३ फेब्रुवारीचा जागतिक रेडिओ दिवस किंवा २७ ऑक्टोबरचा दृक्-श्राव्य वारशाचा जागतिक दिवसही घेता येतो. आम्ही रविवार सकाळ, कार्यक्रमाचीच वेळ धरली.

चाळीस मिनिटं पुरेत. भाषणं नकोत, व्यासपीठ नको. खुर्च्या गोल मांडा आणि मधोमध स्पीकर. घरच्यांना हवं तिथे बसू द्या, दाराजवळ हवं असेल तर दाराजवळ.

सगळ्यांसमोर ठेवताना

ध्वनिमुद्रणावर बहुधा प्रसारण करणाऱ्या संस्थेचा हक्क असतो, त्यातल्या गाण्यांवर आणखी कोणाचा, आणि सादर करणाऱ्याचे स्वतःचेही काही हक्क असतात. नियम देशागणिक बदलतात, म्हणून विचारून, लेखी परवानगी घेऊन पुढे जा. गाणी वगळून नुसतं निवेदन ठेवलं तर बराच गुंता सुटतो. पत्रांतली श्रोत्यांची नावं-पत्ते झाका. विकिपीडियावर लिहायचं तर छापील आधार लागतो, घरच्यांच्या तोंडी आठवणी तिथे चालत नाहीत, त्यामुळे त्या आधी कुठल्यातरी मासिकात लेख म्हणून छापून आणा.

एका गोष्टीला मात्र ठाम नकार द्या. हल्ली थोड्याशा ध्वनिमुद्रणावरून संगणकाने हुबेहूब आवाज तयार करता येतो. कोणीतरी आम्हालाही सुचवलं, काकांच्या आवाजात नवा शुभेच्छा संदेश करू या. लेक म्हणाली, ''बाबा गावाचं नावसुद्धा विचारल्याशिवाय उच्चारायचे नाहीत. त्यांच्या तोंडी मी वाक्य कशी घालू?'' विषय तिथेच संपला.

गेल्या वर्षी काकू गेल्या. त्यांच्या खणात रबर लावलेला पत्रांचा एक गठ्ठा निघाला, कधीच वाचली न गेलेली, पण टाकवली नाहीत अशी पत्रं. प्रत्येकाच्या कोपऱ्यात त्यांच्या बारीक अक्षरात दोन शब्द, 'पुढच्या वेळी'. लेक आणि मी आता ती एकेक करून स्कॅन करतोय. यादीत आजवर 'निवेदन' आणि 'तंत्रसाहाय्य' असे दोन रकाने होते. त्यांच्या शेजारी आम्ही 'पत्रांची निवड' हा तिसरा रकाना घातला आणि अकराही कॅसेटांच्या ओळींत काकूंचं पूर्ण नाव लिहिलं.